जुळी भावंडे, मधुमेह आणि ‘आनुवंशिकता’ : एका संकल्पनेचा इतिहास

जुळ्या भावंडांविषयीचे कुतूहल साहित्याला नवे नाही. वैदिक परंपरेतील अश्विनीकुमार हे जुळे बंधू देवांचे वैद्य मानले गेले. रोमन नाटककार प्लॉटसच्या ‘मेनेक्मी’त आणि तिचा आधार घेणाऱ्या शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये जुळ्यांच्या सारखेपणातून घोटाळ्यांची मालिका उभी राहते. साहित्यातील जुळ्यांच्या बाबतीत प्रश्न सामान्यतः ओळखीचा असतो : या दोघांपैकी कोण कोणता? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञान जुळ्यांकडे वळले तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले. माणसाच्या घडणीत जन्मजात किती आणि परिस्थितीजन्य किती, याचा निवाडा करण्यासाठी जुळी भावंडे पुरावा म्हणून उभी करण्यात आली. विसाव्या शतकात हा पुरावा ज्या व्याधींच्या संदर्भात वारंवार तपासला गेला त्यांत मधुमेहाचे स्थान महत्त्वाचे आहे.

या इतिहासाकडे केवळ वैद्यकाचा इतिहास म्हणून पाहता येते. परंतु तो तितकाच एका शब्दाचाही इतिहास आहे. ‘मधुमेह आनुवंशिक आहे’ या मराठी वाक्यातून व्याधी पिढ्यान्‌पिढ्या उतरते, असा अर्थ वाचकाला जाणवतो. ‘मधुमेहाची आनुवंशिकता बहात्तर टक्के आहे’ हे वाक्यही त्याला त्याच जातीचे वाटते. वस्तुतः ही दोन विधाने भिन्न आहेत. पहिले कुळाविषयी बोलते, तर दुसरे एखाद्या लोकसमूहातील माणसामाणसांतील फरकाविषयी. इंग्रजीत ‘हेरेडिटी’ आणि ‘हेरिटॅबिलिटी’ असे दोन शब्द आहेत. सर्वसाधारण मराठी लेखनात मात्र दोहोंसाठी ‘आनुवंशिकता’ हा एकच शब्द चालतो. जुळ्यांच्या अभ्यासातून नेमके काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे समजून घेण्याच्या मार्गात हा एक शब्द मोठा अडसर ठरतो.

१. बीजदोष आणि अपथ्य

मधुमेहाच्या कारणांची द्विविध मांडणी भारतीय परंपरेत प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक सहज, म्हणजे माता-पित्यांच्या बीजातील दोषामुळे उद्भवणारा, आणि दुसरा अपथ्यनिमित्तज, म्हणजे अहितकर आहार-विहारातून जडणारा. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, रुक्ष आणि सतत तहानलेला, तर दुसरा स्थूल, बहुभोजी आणि बैठकीची व शय्येची आवड असलेला, असे वर्णन तेथे येते. आधुनिक वैद्यकातील ‘पहिला प्रकार’ आणि ‘दुसरा प्रकार’ या विभागणीशी या वर्णनाचे साम्य अनेकांच्या नजरेत भरले आहे. या साम्यावरून प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. कारण आधुनिक संशोधनात दोन्ही प्रकारांत बीज आणि परिस्थिती या दोहोंचा सहभाग आढळतो. सुश्रुतांनी रोगी दोन गटांत विभागले. आधुनिक संशोधनाला एकाच रोग्यातील दोन कारणे वेगळी करायची होती. चरकसंहितेत बीजदोषातून आलेला प्रमेह आणि एकूणच कुलज विकार असाध्य मानले आहेत. कुळातून आलेले ते अटळ, हे समीकरण असे फार जुने आहे, आणि पुढील सर्व इतिहासावर त्याची सावली पडलेली दिसते.

जुळ्यांचा पुरावा म्हणून उपयोग करण्याचा विचार पाश्चात्य परंपरेतही आधुनिक काळापूर्वी सापडतो. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेल्या आणि ‘द सिटी ऑफ गॉड’ या नावाने परिचित असलेल्या लॅटिन ग्रंथाच्या पाचव्या भागात एक जुनी हकिकत येते. दोन भाऊ एकाच वेळी आजारी पडले, दोघांचा आजार एकाच वेळी विकोपाला गेला आणि एकाच वेळी उतरला. यावरून ते जुळे असावेत अशी शंका हिप्पोक्रेटिस यांना आली. स्टोइक तत्त्वज्ञ पोसिडोनियस यांनी याच घटनेचे कारण जन्मकाळच्या ग्रहस्थितीत शोधले. ऑगस्टीन ज्योतिष नाकारून वैद्याची बाजू घेतात. त्यांची कारणमीमांसा विशेष लक्षणीय आहे. गर्भधारणेच्या वेळची माता-पित्यांची शरीरप्रकृती त्यांनी सांगितलीच. त्याचबरोबर दोघांचे एकाच घरातील संगोपन, एकच अन्न, एकच हवा आणि एकच पाणी यांचाही त्यांनी निर्देश केला. जुळी सारखी असतात ती बीजामुळे की घरामुळे, ही गाठ येथे प्रथमच स्पष्टपणे दिसते. ती सोडवण्याचे साधन मात्र ऑगस्टीन यांच्यापाशी नव्हते.

२. पद्धतीची घडण आणि तिच्यावरील कलंक

हे साधन शोधण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रान्सिस गाल्टन यांनी केला. १८७५ मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझिन’ या नियतकालिकात त्यांनी जुळ्यांच्या जीवनकथांवर निबंध लिहिला आणि निसर्ग व संगोपन यांच्या सापेक्ष बळाचा निकष म्हणून जुळ्यांना पुढे केले. त्यांची सामग्री मुख्यतः प्रश्नावलीला आलेल्या उत्तरांची आणि पत्रांची होती. फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी नोंदवलेली, एकमेकांपासून दूर असतानाही एकाच विकाराने पीडित होणाऱ्या जुळ्या भावांची हकिकतही त्यांनी उद्धृत केली. अशी सामग्री रंजक असली तरी तिला प्रमाण म्हणता येत नाही. कारण विलक्षण योगायोग लोक आवर्जून कळवतात आणि सामान्य विसंगती कोणी कळवत नाही. मधुमेहाच्या संशोधनात शंभर वर्षांनी हाच दोष पुन्हा डोके वर काढणार होता.

पद्धतीला आजचे रूप १९२४ मध्ये आले. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हेरमान वेर्नर सीमेन्स यांनी त्या वर्षीच्या आपल्या ग्रंथात त्वचेवरील तिळांची पाहणी मांडली आणि एकबीज व द्विबीज जुळ्यांची तुलना हीच कसोटी म्हणून पुढे ठेवली. एकबीज जुळी एकाच फलित बीजाच्या विभाजनातून जन्मतात आणि त्यांचा जनुकीय ठेवा जवळजवळ एकच असतो. द्विबीज जुळ्यांत सामान्य भावंडांप्रमाणे सरासरीने निम्मा ठेवा सामायिक असतो. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांचे घर, अन्न आणि वय मात्र सारखेच असते. तेव्हा एखादे लक्षण एकबीज जोडीत द्विबीज जोडीपेक्षा अधिक प्रमाणात दोघांतही आढळले, तर हा अधिक भाग बीजाचा मानावा, असा हा युक्तिवाद होय. ऑगस्टीन यांच्या हकिकतीतली गाठ या तुलनेने सुटण्याजोगी झाली.

परंतु या पद्धतीचा पुढील इतिहास निर्मळ नाही. ‘युजेनिक्स’ हा शब्द १८८३ मध्ये गाल्टन यांनीच घडवला होता, आणि सीमेन्स हेही वंशशुद्धीच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. १४ जुलै १९३३ रोजी नाझी जर्मनीत ‘आनुवंशिक रोगी’ संततीस प्रतिबंध करणारा, सक्तीच्या वंध्यीकरणाचा कायदा झाला. त्यात नमूद केलेल्या नऊ स्थितींत मधुमेह नव्हता. परंतु आनुवंशिक म्हणजे अटळ, आणि अटळ म्हणून निर्मूलनीय, हा कायद्यामागील तर्क कोणत्याही व्याधीला लावता येण्याजोगा होता. जुळ्यांच्या संशोधनातील त्या काळचे अग्रणी ओट्मार फॉन फेर्शुअर १९४२ मध्ये बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. त्यांचे पूर्वीचे साहाय्यक योसेफ मेंगेले यांनी १९४३ पासून आउश्वित्झच्या छळछावणीत जुळ्या मुलांवर अमानुष प्रयोग केले, आणि तेथील नमुने बर्लिनच्या संस्थेकडे पाठवले गेले. युद्धानंतर, १९५१ मध्ये, फेर्शुअर यांना म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचे अध्यासन मिळाले. जुळ्यांवरील संशोधनाविषयी दीर्घकाळ जी साशंकता राहिली तिचे मूळ येथे आहे. या पार्श्वभूमीवर १९५४ मध्ये डेन्मार्कमध्ये हारवाल्ड आणि हाउगे यांनी सुरू केलेल्या राष्ट्रीय जुळे नोंदवहीचे महत्त्व ध्यानात येते. १८७० पासूनच्या जन्मनोंदींवर आधारलेल्या या नोंदवहीत जुळे हे निवडून आणलेले नमुने नव्हते. देशाच्या लोकसंख्येचा एक भाग म्हणून त्यांची नोंद झाली होती. पुढे मधुमेहाच्या अभ्यासात हाच फरक निर्णायक ठरला.

३. गोठ्यातून आलेली संकल्पना

‘हेरिटॅबिलिटी’ या संज्ञेला तिचा तांत्रिक अर्थ वैद्यकात मिळाला नाही. तो पशुपैदाशीच्या शास्त्रात मिळाला. रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये नातेवाइकांतील साम्याचे गणित मांडले होते. अमेरिकेतील आयोवा येथे जे लश यांनी त्याच्या आधारे गुरांच्या निवडीचे शास्त्र उभारले. त्यांचा ‘ॲनिमल ब्रीडिंग प्लॅन्स’ हा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा प्रश्न व्यवहारातला होता. एका कळपातील गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातील किती वाटा बीजाचा? तो मोठा असेल तर उत्तम गाईंची निवड करून पुढील पिढी सुधारेल; लहान असेल तर चाऱ्याकडे लक्ष द्यावे. म्हणजे ही संख्या त्या कळपापुरती, त्या चाऱ्यापुरती आणि त्या काळापुरती होती. एखाद्या विशिष्ट गाईच्या दुधात बीजाचे लिटर किती आणि चाऱ्याचे किती, असा प्रश्न लश यांनी विचारलाच नव्हता. त्याला अर्थही नाही.

ही संकल्पना गोठ्यातून दवाखान्यात आणताना एक अडचण होती. दूध मोजता येते, पण व्याधी एकतर असते किंवा नसते. एडिंबरा येथील डग्लस फाल्कनर यांनी १९६५ मध्ये तिच्यावर उपाय सुचवला आणि १९६७ च्या लेखात तो खास मधुमेहाला लावून दाखवला. प्रत्येक माणसात व्याधीची कमी-अधिक प्रवणता असते. ती असंख्य लहान जनुकीय आणि परिस्थितीजन्य कारणांच्या बेरजेतून घडते. आणि ती एका उंबरठ्यापलीकडे गेली की व्याधी प्रकट होते, अशी ही कल्पना होती. तोवर मधुमेहाच्या वंशपरंपरेचा विचार प्रामुख्याने मेंडेलच्या वाटाण्यांच्या धर्तीवर होत असे. १९३३ मध्ये अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि प्रिसिला व्हाइट यांनी मधुमेह एकाच अप्रभावी घटकातून उतरतो असे प्रतिपादले होते. फाल्कनर यांच्या मांडणीने एका दोषी घटकाची जागा प्रवणतेने घेतली, आणि मधुमेही व निरोगी यांच्यामधील भिंतीच्या जागी उंबरठा आला.

४. लंडनमधील जोड्या

हे गणित सिद्ध झाले तरी जोड्या गोळा करणारे कोणी हवे होते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात डेव्हिड पाइक आणि रॉबर्ट टॅटर्सल यांनी ते काम केले. १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी एकबीज जुळ्यांच्या ९६ जोड्यांचा वृत्तांत दिला. जोडीतील दोघांनाही मधुमेह असेल तर ती जोडी ‘समरूप’ आणि एकालाच असेल तर ‘विषमरूप’ म्हटली, तर ६५ जोड्या समरूप आणि ३१ विषमरूप होत्या. केवळ ही बेरीज पाहिली असती तर शोध हातून निसटला असता. त्यांनी वयानुसार विभागणी केली तेव्हा दिसले की, मध्यमवय उलटल्यावर मधुमेह जडलेल्यांच्या जोड्या जवळजवळ सर्व समरूप होत्या, तर तरुणपणी जडलेल्यांच्या सुमारे निम्म्याच.

१९८१ मध्ये याच रुग्णालयातून २०० जोड्यांचा अहवाल आला. इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या प्रकारच्या १४७ जोड्यांपैकी ८० समरूप आणि ६७ विषमरूप होत्या. इन्शुलिनवर अवलंबून नसलेल्या प्रकारच्या ५३ पैकी ४८ समरूप आणि केवळ ५ विषमरूप. हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये इन्शुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादावरून मधुमेहाचे दोन प्रकार सुचवले होते. ते एकाच व्याधीचे सौम्य आणि तीव्र रूप नसून कारणदृष्ट्या भिन्न व्याधी आहेत, या मताला जुळ्यांनी भक्कम आधार दिला. ज्या बालरोगाला लोक ‘जन्मजात’ समजत तो बीजाने निम्माच बांधलेला निघाला, आणि ज्याला खाण्यापिण्याचा दोष समजत तो बीजाशी अधिक निगडित दिसला.

येथे एक विरोधाभासही निर्माण झाला. पहिल्या प्रकाराशी संबंधित असलेल्या प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा माग १९७० च्या दशकाच्या मध्यासच लागला. उलट दुसऱ्या प्रकाराचे गुणसूत्रांवरील सर्वांत ठळक सामान्य चिन्ह, टीसीएफसेव्हनएलटू हे जनुक, २००६ मध्ये हाती आले, आणि त्याचाही परिणाम माफकच निघाला. जेम्स नील यांनी मधुमेहाला आनुवंशिकीच्या अभ्यासकाचे दुःस्वप्न म्हटले होते ते अकारण नव्हे.

५. मोजणीचा प्रश्न

लंडनच्या जोड्या डॉक्टरांनी कळवलेल्या किंवा स्वतःहून पुढे आलेल्या होत्या. दोघेही मधुमेही असलेली जुळी सहज ध्यानात येतात. एकच मधुमेही असेल तर तो जुळा आहे हे डॉक्टरला कळतही नाही. गाल्टन यांच्या पत्रव्यवहारातील दोष तो हाच. संपूर्ण लोकसंख्येच्या नोंदवह्यांवरून पाहणी झाली तेव्हा चित्र बदलले. फिनलंडमधील १३,८८८ जोड्यांच्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुसऱ्या प्रकाराच्या बाबतीत एकबीज जोड्यांतील समरूपता २० टक्के आणि द्विबीज जोड्यांतील ९ टक्के आढळली. लंडनची ९१ टक्के आणि फिनलंडची २० टक्के, हे अंतर बीजाचे नव्हे. ते पुष्कळसे निवडीचे, वयाचे आणि तपासणीचे आहे.

त्यातही ‘२० टक्के’ हे एकमेव उत्तर नव्हते. याच पाहणीत दुसऱ्या रीतीने मोजल्यावर हे प्रमाण ३४ टक्के येते. समजा, किमान एक मधुमेही असलेल्या शंभर जोड्या आहेत आणि त्यांपैकी वीसांत दोघेही मधुमेही आहेत. जोड्या मोजल्या तर समरूपता वीस टक्के होते. परंतु रुग्ण मोजले तर ते एकशे वीस भरतात, आणि त्यांपैकी चाळीसांचे भावंड मधुमेही असते. म्हणजे तेहतीस टक्के. पहिली रीत जोडीविषयी बोलते, दुसरी रुग्णाच्या भावंडाला असलेल्या धोक्याविषयी. मूळ प्रश्न कोणता हे सांगितल्याशिवाय दोहोंपैकी कोणतीही संख्या अर्थपूर्ण होत नाही.

डेन्मार्कमध्ये पर्निले पोल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ ते ७४ वयाच्या जुळ्यांची शर्करा-चाचणी प्रत्यक्ष घेण्यात आली होती. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या बाबतीत रुग्णनिहाय समरूपता एकबीज जुळ्यांत ५० टक्के आणि द्विबीज जुळ्यांत ३७ टक्के होती, आणि त्यावरून बीजाचा वाटा २६ टक्के ठरला. मात्र मधुमेहाबरोबरच शर्करा पचवण्यातील सौम्य बिघाडही हिशेबात धरला तेव्हा तोच वाटा ६१ टक्के झाला. जुळी तीच, रक्त तेच. केवळ व्याधीची व्याख्या रुंदावली आणि ‘आनुवंशिकता’ दुपटीहून अधिक वाढली. २०१५ मध्ये अनेक देशांतील ३४,१६६ जोड्यांच्या एकत्रित विश्लेषणातून हा वाटा ७२ टक्के निघाला. २६, ६१ आणि ७२ यांतील खरा आकडा कोणता, हा प्रश्न एखाद्या संहितेची एकमेव शुद्ध प्रत शोधण्यासारखा आहे. येथे प्रत्येक पाठ त्याच्या समूहात, व्याख्येत आणि काळात खरा आहे.

काळाचा घटक तर विशेष महत्त्वाचा. १९९९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, जोडीदाराला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या परंतु स्वतः मधुमेही नसलेल्या ४४ एकबीज जुळ्यांचा पाठपुरावा करण्यात आला. एका वर्षात त्यांपैकी १७ टक्के, पाच वर्षांत ३३ टक्के, दहा वर्षांत ५७ टक्के आणि पंधरा वर्षांत ७६ टक्के मधुमेही झाले. ‘विषमरूप’ म्हणून नोंदलेली जोडी पुष्कळदा केवळ उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे उभी असते. कोष्टकातील या टक्केवारीमागे एक माणूस असतो. भावाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला जाताना तो पाहतो आणि आपल्या पाळीची वाट पाहत राहतो. २००८ च्या एका अभ्यासात पहिल्या प्रकाराच्या बाबतीतही साठाव्या वर्षापर्यंत ६५ टक्के निरोगी जोडीदार मधुमेही होतात असे दिसले. तरी पस्तीस टक्के होत नाहीत. आणि त्यांचे बीज तेच असते.

६. गर्भाशय आणि गाव

एकच बीज असूनही दोघांची वाट वेगळी का होते? पोल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की, विषमरूप एकबीज जोड्यांत मधुमेही झालेल्या भावंडाचे जन्मवजन निरोगी भावंडापेक्षा सरासरीने कमी होते. दोघांचे गर्भाशय एकच असले तरी दोघांच्या वाट्याला आलेले पोषण एक नव्हते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डेव्हिड फिलिप्स यांनी १९९३ मध्येच हा आक्षेप नोंदवला होता. अनेक एकबीज जुळ्यांची वार सामायिक असते, त्यामुळे त्यांच्यातील गर्भकालीन परिस्थिती द्विबीज जुळ्यांसारखी असते हे गृहीत धरता येत नाही. एकबीज-द्विबीज तुलनेचा सारा डोलारा ज्या ‘समान परिस्थिती’वर उभा आहे, ती जन्माआधीच डळमळीत होते.

गर्भकालीन पोषणाचा हा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याची बालके हडकुळी होती, परंतु त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा एकच होता. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. एका अर्थी ही वेगळ्या प्रकारची जुळी होती : मापाने एक, घडणीने भिन्न. ही भिन्नता ‘भारतीय जनुकां’ची म्हणावी, की पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या मातांच्या देहातून आलेला वारसा म्हणावा? माता-पित्यांकडून येते ते सारे जनुकातूनच येते असे नाही. भूकही वारशाने येऊ शकते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेही होते. एवढ्या मोठ्या संख्येचे स्पष्टीकरण ‘आपल्या रक्तातच ते आहे’ असे देण्याचा मोह स्वाभाविक आहे. रिचर्ड लुओंटिन यांनी १९७० च्या दशकात जे दाखवून दिले त्याची आठवण येथे आवश्यक ठरते. एकाच मिश्र बियाण्याचे दोन मुठी दाणे दोन वेगळ्या वाफ्यांत पेरले, एकाला सकस माती दिली आणि दुसऱ्याला निकृष्ट, तर प्रत्येक वाफ्याच्या आतला रोपांमधला फरक पूर्णतः बीजाचा असू शकेल. तरीही दोन वाफ्यांमधला फरक पूर्णतः मातीचाच असेल. डॅनिश जुळ्यांतील टक्केवारीवरून डॅनिश आणि भारतीय यांच्यामधील अंतराविषयी काहीच सिद्ध होत नाही.

याची जिवंत साक्ष पिमा समाजाने दिली आहे. अमेरिकेतील ॲरिझोनात आणि सीमेपलीकडे मेक्सिकोत या समाजाच्या दोन शाखा राहतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण मेक्सिकोतील पिमांत ६.९ टक्के आणि अमेरिकेतील पिमांत ३८ टक्के आढळले. ॲरिझोनातील पिमांच्या शेतीला पाणी देणारी हिला नदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसाहतकारांनी वळवली आणि त्यांची शेती कोलमडली. निकटच्या कुळातील हे दोन समाज म्हणजे जणू इतिहासाने वेगळ्या घरी वाढवलेली भावंडे होत.

७. समारोप

जुळ्यांच्या अभ्यासाने मधुमेहाच्या बाबतीत तीन गोष्टी निःसंशय साधल्या : दोन प्रकारांचे भिन्नत्व ठळक झाले, बीजाचा सहभाग खरा आहे हे सिद्ध झाले, आणि विषमरूप जोड्यांमुळे बीजापलीकडचा शोध शक्य झाला. जनुकांचा शोध पुढे फार व्यापक झाला. २०२४ मध्ये पंचवीस लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासातून दुसऱ्या प्रकाराशी संबंधित १,२८९ जनुकीय संकेत नोंदले गेले. एका घटकाच्या शोधात निघालेल्यांना अखेर असंख्य लहान कारणांची बेरीजच सापडली. फाल्कनर यांनी कल्पिलेली प्रवणता ती हीच.

मात्र या संशोधनाला एक गोष्ट साधायची नव्हती आणि ती साधलीही नाही. एखाद्या विशिष्ट माणसाच्या मधुमेहात किती टक्के बाप आणि किती टक्के भाकरी, हे ती संख्या सांगत नाही. उद्या साऱ्या समाजाला एकसारखाच आहार मिळू लागला तर फरकातील परिस्थितीचा वाटा घटेल आणि ‘आनुवंशिकता’ वाढेल, जरी आहारच सर्वांना रोगी करत असला तरी. वाटा मोठा म्हणजे उपाय व्यर्थ, हा निष्कर्षही म्हणूनच चुकीचा. कुलज ते असाध्य हे चरककालीन समीकरण १९३३ च्या कायद्यात क्रूर झाले. आजच्या घराघरांत ते खंत होऊन वावरते : आईला होता, आता मलाही होणार, मग पथ्य कशाला?

मराठीत या संकल्पनेसाठी ‘आनुवंशिकते’ऐवजी ‘आनुवंशिक वाटा’ असा शब्दप्रयोग रूढ झाल्यास या गैरसमजाला काही अंशी आळा बसेल. ‘वाटा’ म्हटले की कशातला, कोणामध्ये आणि केव्हाचा, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. ‘आनुवंशिकता’ म्हटले की ते मिटतात. परिभाषेची निवड ही बहुधा कोशकारांची बाब समजली जाते. ज्या घरात एक भाऊ मधुमेही आहे आणि दुसरा अजून झालेला नाही, तेथे मात्र त्या निवडीवर एका माणसाचा धीर अवलंबून असतो.